विश्लेषण : प्रोसेसर आता बदलायचा की थांबायचे? आधी मदरबोर्ड पाहा

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ डीटीपी आणि लग्नाच्या अल्बमची कामे करतात. 2025 च्या गणपतीत त्यांनी मला विचारले, ''संगणक फार रेंगाळतो. आता बदलू की दिवाळीपर्यंत थांबू?'' मी म्हणालो, थांबा. दिवाळीत सेल असतो, बँकेच्या कार्डावर सूट मिळते, दोन-तीन हजार वाचतील.

दिवाळीत प्रोसेसरवर सूट मिळाली, हे खरे. पण तोवर रॅमच्या किमती भडकल्या होत्या आणि सुटीचे पैसे त्यातच गेले. वर तुळशीचे लग्न लागून सीझन सुरू झालेला. दुकानदाराचे कोटेशन घेऊन ते माझ्याकडे आले तेव्हा काही बोलले नाहीत, कागद फक्त टेबलावर ठेवला. 'आता घ्यावे की थांबावे' या प्रश्नाला आपण सवयीने जी उत्तरे देतो, ती तपासून पाहायची गरज मला त्या कागदाने दाखवली.

प्रोसेसरची खरी किंमत कुठे दडलेली असते?

प्रोसेसर एकटा येत नाही. तो ज्या खाचेत बसतो ते सॉकेट, ते सॉकेट असलेला मदरबोर्ड आणि त्या मदरबोर्डला चालणारी रॅम असा सगळा गोतावळा असतो. नवी चिप जुन्या बोर्डावर बसत असेल तर खर्च एका डब्याचा. बसत नसेल तर बोर्ड आला, रॅम आली, कधी कूलर आणि एसएमपीएसही आले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

2017 मध्ये दोघांनी संगणक घेतले असे समजा. एकाने जानेवारीत बाजारात आलेला इंटेलचा सातव्या पिढीचा आय-5 7400 घेतला. दुसऱ्याने एप्रिलमध्ये आलेला एएमडीचा रायझन 5 1600. पहिल्यात चार कोअर, दुसऱ्यात सहा. आज विंडोज 11 च्या अधिकृत यादीत हे दोन्ही प्रोसेसर नाहीत. इंटेलच्या बाबतीत ती यादी बहुतांशी आठव्या पिढीपासून सुरू होते, रायझनच्या बाबतीत 2000 मालिकेपासून. विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. म्हणजे दोघेही एकाच अडचणीत आहेत.

सुटकेचे मार्ग मात्र वेगळे आहेत. रायझनवाल्याने बोर्डाचे बायोस अद्ययावत करायचे, जुनी चिप काढायची आणि त्याच एएम4 सॉकेटमध्ये रायझन 5 5600 बसवायचा. रॅम तीच, कॅबिनेट तेच. 2017 च्या जुन्या बोर्डांवरही 5000 मालिका चालवायला एएमडीने 2022 मध्ये अधिकृत मान्यता दिली. बोर्ड कंपनीने तसे बायोस दिले आहे का, एवढे तिच्या संकेतस्थळावर पाहायचे. अर्ध्या दिवसाचे काम.

इंटेलवाल्याची कथा खिन्न करणारी आहे. त्याने संगणक घेतल्यावर नऊ महिन्यांत आठवी पिढी आली. सॉकेटचे नाव तेच, एलजीए 1151. चिप त्या खाचेत बसतेही. पण त्याच्या 200 मालिकेच्या बोर्डावर ती चालत नाही. त्याला बोर्ड बदलण्यावाचून पर्याय नाही. आमचे डीटीपीवाले गृहस्थ नेमके हेच.

मग नव्या पिढीची वाट का पाहू नये?

कारण वाट पाहण्याचा अलीकडचा हिशेब फारसा फायद्याचा दिसत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये रायझन 9000 मालिका आली. गेमिंगमध्ये आधीच्या 7000 मालिकेपेक्षा सुरुवातीच्या चिपची आघाडी किरकोळ होती. ऑक्टोबर 2024 मध्ये इंटेलने कोअर अल्ट्रा 200 मालिका नव्या सॉकेटसह आणली. वीज कमी खाते हे तिचे श्रेय, पण अनेक गेममध्ये ती स्वतःच्याच चौदाव्या पिढीच्या मागे पडली. नोव्हेंबर 2024 मधला रायझन 7 9800एक्स3डी मात्र खरोखर वेगवान निघाला, आणि सुरुवातीला बाजारात मिळेना.

आता पुढच्या चिपची चर्चा आहे. इंटेलने 'नोव्हा लेक' 2026 च्या अखेरीस आणण्याचे सांगितले आहे. ती चांगली असेलही. पण घोषणेचा दिवस, आपल्याकडच्या दुकानात माल येण्याचा दिवस आणि भाव खाली बसण्याचा दिवस हे तीन वेगळे दिवस असतात. ज्याचे काम आज अडले आहे त्याने या तिसऱ्या दिवसाची वाट पाहण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हाही 'संगणक स्वस्त होणार' म्हणून लोक थांबले होते. प्रत्यक्षात 32 इंचांहून मोठे मॉनिटर 28 वरून 18 टक्क्यांवर आले. प्रोसेसर आधीही 18 टक्क्यांत होता, नंतरही तिथेच राहिला.

रॅम महाग का झाली आणि ती उतरेल का?

जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते आणि ते ग्राहक चढ्या भावाने घाऊक माल उचलतात. कारखान्यांची क्षमता तिकडे वळली. 2025 च्या उत्तरार्धात काही महिन्यांतच डीडीआर5 रॅमच्या अनेक संचांच्या किमती दुपटीपलीकडे गेल्या. डिसेंबर 2025 मध्ये तर मायक्रॉनने 'क्रुशिअल' या आपल्या ग्राहक ब्रँडचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. घरगुती ग्राहकासाठी रॅम बनवणे कंपनीला परवडेनासे झाले, असाच त्याचा अर्थ.

नवा मेमरी कारखाना उभा राहायला वर्षे लागतात. त्यामुळे 'दोन महिन्यांत भाव उतरतील' या आशेवर कुणी काम थांबवू नये. उद्या मागणी कोसळली तर भाव पडतीलही, मेमरीच्या धंद्यात हे पूर्वीही झाले आहे. पण तो सट्टा झाला.

यातून एक उलटी गोष्ट घडली आहे. तुमच्या जुन्या संगणकातली डीडीआर4 रॅम कालपर्यंत भंगाराच्या वाटेवर होती. आज ती ठेव आहे. उत्पादक डीडीआर4 चे उत्पादन आवरते घेत असल्याने तिचेही भाव चढले आहेत. म्हणून ती रॅम जिथे पुन्हा वापरता येईल असा बोर्ड निवडणे, हे या घडीचे शहाणपण मला वाटते. एएम4 चे बोर्ड आहेत. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी डीडीआर4 चे बोर्डही मिळतात. कागदावर हे सगळे 'जुने तंत्रज्ञान' आहे आणि यूट्यूबवरची मंडळी त्याला नाके मुरडतात. मुरडू देत.

एएम5 चा मोह पडण्याजोगाच आहे. 2022 मध्ये आलेल्या या सॉकेटला 2027 आणि पुढेही पाठिंबा देण्याचे एएमडीने म्हटले आहे, म्हणजे आज घेतलेल्या बोर्डावर पुढे नवी चिप बसण्याची शक्यता चांगली. पण एएम5 ला डीडीआर5 च लागते. ज्याच्याकडे डीडीआर4 रॅम मुळीच नाही आणि सगळेच शून्यातून उभारायचे आहे, त्याने एएम5 जरूर घ्यावा. इतरांनी आधी बेरीज करावी.

अडथळा खरेच प्रोसेसरचा आहे का?

खरे तर हा प्रश्न पहिला विचारायला हवा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. नेहमीचे काम सुरू ठेवून त्यातला परफॉर्मन्स विभाग बघा. डिस्कचा आकडा 100 टक्क्यांवर चिकटला असेल आणि संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर प्रोसेसर विसरा आणि एसएसडी बसवा. मेमरी काठोकाठ भरत असेल तर दुखणे रॅमचे. गेम खेळताना ग्राफिक्स कार्ड 95 टक्क्यांच्या वर राबत असेल, तर नवा प्रोसेसर घेऊन फ्रेम वाढणार नाहीत.

इथे एक फसगत होते. प्रोसेसरचा एकूण आकडा कमी दिसला म्हणजे तो निवांत आहे असे नाही. आठ थ्रेडच्या प्रोसेसरवर एकच थ्रेड पूर्ण दमला असेल तर टास्क मॅनेजर जेमतेम साडेबारा टक्के दाखवतो. फोटोशॉपमधली कित्येक कामे अशी एका-दोन थ्रेडवरच चालतात. आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे पाहिले की हे उघड होते.

ही तपासणी करून प्रोसेसर दोषी ठरला नाही, तर थांबा. रायझन 5 7600 किंवा इंटेलची तेरावी पिढी वापरणाऱ्या बहुतेकांना आज काही बदलायची गरज नाही. 4के मॉनिटरवर खेळणाऱ्यांनाही सहसा नाही.

घेताना कुठे फसायला होते?

तीन-चार ठिकाणी तरी. रायझन 5 5600 मध्ये अंतर्गत ग्राफिक्स नाही, वेगळे कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच उमटणार नाही. त्यासाठी 5600जी घ्यावा लागतो. इंटेलच्या ज्या चिपच्या नावापुढे 'एफ' असते, तिथेही हेच.

बायोस अद्ययावत करायचे ते जुना प्रोसेसर काढण्याआधी, आणि यूपीएसवर. मधेच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. ज्या भागात दुपारी दिवे मिचमिचतात तिथल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

सेकंडहँड बाजारात इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या श्रेणीतील चिप घेताना जपून. त्यांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून त्या कायमच्या बिघडण्याचे प्रकार झाले. 2024 मध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोडचा उपाय दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेली चिप त्या उपायाने बरी होत नाही. मागच्या मालकाने बायोस कधी बदलले, हे लॅमिंग्टन रोडवर कुणीही छातीठोक सांगू शकणार नाही.

आणि मदरबोर्ड बदलला की संगणकासोबत आलेला विंडोजचा ओईएम परवाना सहसा त्या जुन्या बोर्डाबरोबरच जातो. कोटेशनमध्ये ही ओळ नसते, घरी आल्यावर आठवते.

ज्यांना आज अजिबात जमत नाही त्यांनी काय करावे?

घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 च्या सुरक्षा अद्यतनांची मुदत नावनोंदणी केल्यास 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढवली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग जोडल्या तर त्याला पैसे पडत नाहीत. अभ्यासापुरता संगणक वापरणाऱ्या मुलाच्या पालकांनी हा मार्ग खुशाल घ्यावा. ज्या संगणकावर गिऱ्हाइकांचे फोटो आणि बँकेचे व्यवहार आहेत, तिथे नोंदणी न करता तसेच विंडोज 10 चालवत राहणे मात्र धोक्याचे आहे.

आमच्या गृहस्थांचे कोटेशन शेवटी आम्ही दोघांनी बसून पुन्हा लिहिले. डीडीआर5 ची ओळ खोडली. कोअर आय-5 12400, 'एफ' नसलेला, सहा कोअरचा, आणि डीडीआर4 चा साधा बोर्ड. जुन्या संगणकातल्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, कॅबिनेट, एसएमपीएस आणि एसएसडी तेच. बिल जीएसटी क्रमांकावर घेतले, त्यामुळे कराची वजावट मिळेल. विंडोजच्या परवान्याचे पैसे वेगळे पडले, ते मी आधी धरले नव्हते.

2022 सालचा प्रोसेसर 2026 च्या तोंडावर घेतला, म्हणून त्यांच्या भाच्याने त्यांची चेष्टा केली. ते तेव्हा एका वरातीचे फोटो निवडत होते. जुना बोर्ड रॅमविना कपाटाच्या वर ठेवला आहे. फेकवत नाही म्हणतात.