यादीत नाव नाही म्हणजे हवा चांगली, असं नाही!

लातूर यादीत आहे. सोलापूर यादीत आहे. मधलं आपलं धाराशिव मात्र नाही.

कसली यादी? केंद्राने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. पाच वर्षं सलग हवेचे निकष न पाळणारी शहरं त्यात घेतली. महाराष्ट्रातली १९ आहेत. त्यांना कृती आराखडा आणि निधी मिळाला, धूलिकण ४० टक्क्यांपर्यंत कमी करायचं उद्दिष्टही मिळालं.

आपल्याकडं काही जण यावर खूश असतात. "आपलं काय दिल्ली-मुंबई आहे का?" पण बघा, ही यादी मोजणीतून निघते. ज्या गावात वर्षानुवर्षं हवा मोजलीच जात नाही, ते गाव यादीत येणार कसं? ताप मोजला नाही म्हणून माणूस निरोगी ठरत नाही.

आणि निकष सगळ्यांना सारखाच. पीएम १० चं प्रमाण दिवसाच्या सरासरीत १०० मायक्रोग्रॅमच्या आत हवं. २००९ पासूनचा हा नियम मुंबईला जेवढा लागू, तेवढाच कळंब-भूमलाही.

"नगरपालिकेकडं पैसा नाही" हे उत्तर ठरलेलं. पण सगळ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच बंदी घातली. साधा दंड ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. तुमच्या गल्लीत हा दंड कुणाला झालेला बघितलाय का?

एक मात्र सांगतो. दंडाची पावती झाडूवाल्या ताईच्या हातात देऊ नका. घंटागाडी वेळेवर येत नाही, ढीग उचलला जात नाही, म्हणून काडी लागते. जाब विचारायचा तर ठेकेदाराला आणि त्याचं बिल मंजूर करणाऱ्याला विचारा.

बाकी मागण्याही साध्याच आहेत:

१. धाराशिव, तुळजापूर, उमरगा इथं हवेची नियमित मोजणी व्हावी आणि आकडे नगरपालिकेच्या दारात मराठीत लावावेत. तुळजापूरचे आकडे नवरात्राच्या गर्दीत तर हवेतच.

२. खडी, मुरूम, वाळूच्या गाड्या ताडपत्रीशिवाय रस्त्यावर नकोत.

३. खडी क्रशरवर पाणी मारायची अट परवान्यात असते. ती पाळली जाते का, हे अचानक जाऊन बघा.

४. रस्ता खोदला की माती किती दिवसांत उचलायची, हे ठेक्यातच लिहा.

यादीत जायची वाट बघू नका. यादीत जाणं म्हणजे हवा आधीच बिघडलेली असणं. लातूर-सोलापूरला आता निस्तरावं लागतंय, आपल्याला अजून टाळता येईल.

नगरसेवक मत मागायला येईल तेव्हा रस्ता-गटारीबरोबर हेही विचारा. आणि तुमच्या वॉर्डात कचरा कुठं जळतो, ते खाली कमेंटमध्ये लिहा. सगळी ठिकाणं एकत्र करून मुख्याधिकाऱ्यांना निवेदन देऊ.