४३६ रुपये कापता, मग दोन लाखांचं सांगत का नाही?



३१ मे जवळ आला की प्रधानमंत्री जीवनज्योती विम्यासाठी खात्यात ४३६ रुपये ठेवा, असे बँकांचे मेसेज सुरू होतात. खातेदार मेल्यावर मात्र त्याच बँकेच्या तोंडून शब्द फुटत नाही. आमच्या शेजारच्या वहिनी या आठवड्यात नवऱ्याचं खातं बंद करून आल्या. बँकेने मृत्यूचा दाखला घेतला, आधार घेतलं, शिल्लक दिली आणि त्यांची रवानगी केली. पासबुक मी चाळलं, तर यंदाच्या विम्याचे ४३६ रुपये कापलेले. म्हणजे वारसाला विम्याच्या दोन लाखांचा हक्क, आणि खिडकीवर कुणी ब्र काढला नाही!

ही योजना म्हणजे ग्रुप विमा. मुख्य पॉलिसी बँकेच्या नावावर असते. एलआयसीची स्वतःची पॉलिसी असली तर कपाटात बाँड सापडतो, एजंट घरी येऊन जातो. इथे बाँड नाही, एजंटही नाही. मग ज्याने पैसे कापले त्यानेच सांगायला नको का? खातं बंद करायला आलेल्या वारसाला ४३६ ची नोंद तपासून तिथेच दाव्याचा मराठी फॉर्म द्या. एवढंच मागणं आहे, आणि ते अग्रणी बँकेने जिल्ह्यातल्या प्रत्येक शाखेला बजावावं.

वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांतही तेच, वारसाला कुणी काही सांगत नाही. पीएफ असलेला कामगार नोकरीत असताना गेला तर १९७६ च्या ठेवसंलग्न विमा योजनेतून वारसाला सात लाखांपर्यंत रक्कम मिळते. ठेकेदाराकडच्या कामगारालाही ती लागू आहे. हप्ता मालक भरतो, कामगाराच्या पगारातून काही जात नाही, म्हणून पगारपत्रकात त्याचा मागमूस नसतो आणि घरात कुणाला पत्ता नसतो. कंपनीने वेगळा ग्रुप विमा काढला असेल तर तो नोकरी सुटली की संपतो. ‘कंपनीचा विमा आहे’ म्हणून स्वतःची पॉलिसी न काढणाऱ्या तरुणांना हे भरतीच्या दिवशीच सांगायला हवं.

सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य केला, ते चांगलंच केलं. पण कंपन्या कामगारांसाठी काढतात त्या ग्रुप पॉलिसीवर १८ टक्के तसाच ठेवला. ज्याला स्वतःचा हप्ता परवडतो त्याला सूट, आणि ज्याचा सगळा भार कंपनीच्या विम्यावर त्याच्यावर कर, हा कुठला न्याय?

— एक निवृत्त कामगार, बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर