सरहद्द आणि मायबोली

फ्रेंच भाषा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पॅरिस उभे राहते. तेथील अत्तरे, चित्रशाळा आणि मुत्सद्द्यांची मधाळ वाणी. बटाट्याच्या शेतात चिखलाने माखलेला शेतकरी त्या भाषेत पोराला हाक मारतो आहे, हे चित्र सहसा कोणाला सुचत नाही. परंतु अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्य आणि कॅनडा यांच्या सरहद्दीवर, असे शेतकरी आहेत. त्यांची हकीकत बडोद्याच्या जुन्या मराठी घरांनी अवश्य ऐकावी, असे मला वाटते.

इंग्रजांनी 1755 पासून नोव्हा स्कोशियातून हुसकून लावलेल्या अकेडियन लोकांपैकी काही कुटुंबे 1785 च्या सुमारास सेंट जॉन नदीच्या खोऱ्यात, माडावास्का भागात, येऊन वसली. नदीच्या दोन्ही काठांवर त्यांनी शेते केली. पुढे 1842 मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांचा तह झाला आणि ती नदीच सरहद्द ठरली. एका काठचा भाऊ अमेरिकन झाला, दुसऱ्या काठचा ब्रिटिश प्रजाजन राहिला. तरी सोयरिकी जमत राहिल्या. कुट्टूच्या जातीच्या पिठाची, एकाच बाजूने भाजलेली, जाळीदार 'प्लोय' दोन्ही काठांच्या तव्यांवर होत राहिली. आपल्या आंबोळीची ती लांबची बहीणच म्हणायची! सांगायचे ते एवढेच, की नकाशावरच्या रेघेने त्यांची भाषा मेली नाही.

घाव बसला तो नंतर. 1919 मध्ये मेन राज्याने सरकारी शाळांतून इंग्रजीतच शिकवावे, असा कायदा केला. शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. वर, तुमची फ्रेंच ही खरी फ्रेंच नव्हेच, असेही त्यांना ऐकावे लागले. आपण सोसले ते मुलांना सोसावे लागू नये, म्हणून कित्येक आईबापांनी घरातच इंग्रजी सुरू केली. तो कायदा 1969 मध्ये रद्द झाला, आणि त्याच वर्षी पलीकडच्या न्यू ब्रन्सविक प्रांताने फ्रेंचला इंग्रजीच्या बरोबरीने राजभाषेचे स्थान दिले. आज पलीकडच्या एडमन्स्टन गावी बाजारहाट फ्रेंचमध्ये चालतो. अमेरिकेच्या काठी ती बहुतांशी वडीलधाऱ्यांच्या तोंडी उरली आहे. नदी तीच, कुळे तीच. एका काठी भाषेला मान मिळाला, दुसऱ्या काठी तिची लाज वाटू लागली.

आपल्या मराठी मुलखातले असे उदाहरण म्हणजे सीमाभाग. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. चंदगडचा आणि खानापूरचा मराठी भातशेतकरी यांची पिके एक, बोली एक, नातीगोती एक. मधून रेघ गेली. 1967 मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, तो महाराष्ट्राला मान्य झाला नाही. 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. गावे कोणाकडे जावीत, याचा निवाडा न्यायालय करील तेव्हा करो. माझा प्रश्न त्याहून लहान आणि अधिक निकडीचा आहे. खानापूरच्या शेतकऱ्याला जमिनीचा उतारा कन्नडमध्ये मिळतो. सरकारी कागद मराठीतही मिळावेत, ही तेथील लोकांची जुनी मागणी आहे. आपल्याच शेताचा कागद ज्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, त्याला आपली भाषा हळूहळू निरुपयोगी वाटू लागते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे सांगणारे कलम 350-अ राज्यघटनेत 1956 मध्येच आले. ज्या वर्षी रेघ ओढली, त्याच वर्षी हे वचन दिले गेले. ते पाळण्यासाठी कोणत्याही दाव्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

यात कन्नडशी वैर नाही. आपण तरी गुजरातीशी कधी वैर केले? आणि सीमाभागातली मराठी केवळ सरकारच्या कृपेवर जगलेली नाही. मेनमध्ये तो कायदा झाला, त्याच 1919 साली बेळगावात 'तरुण भारत' निघाले. लोक मराठी वाचत राहिले, मराठीत सौदे आणि भांडणे करत राहिले, म्हणून ती टिकली.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या दाराशी सरहद्द आपण होऊन चालत आली. 1 मे 1960 रोजी घराचा उंबरा न ओलांडता आपण गुजरात राज्याचे रहिवासी झालो. आपल्यावर कोणी बंदी घातली नाही, छडी उगारली नाही. साहित्य संमेलने तर येथे 1909, 1921, 1934 आणि 2018 अशी चार वेळा भरली. असे असूनही मी राहतो त्या सुभानपुऱ्यात, शहरातले वाडे सोडून आलेल्या मराठी घरांतून, आजी नातवाशी तुटक्या इंग्रजीत बोलताना ऐकू येते. पुण्याचे पाहुणे आले आणि सुनेच्या तोंडून 'भाजी समारली' असे निघाले, की पाहुणे हसतात आणि ती बिचारी ओशाळते.

मी त्या सुनेच्या बाजूचा आहे. 1734 मध्ये बडोदे गायकवाडांकडे आले, तेव्हापासून जी मराठी गुजरातीच्या शेजारी नांदली, तिच्या अंगावर शेजारणीचा एखादा दागिना दिसायचाच. ती अशुद्ध नव्हे. ती बडोद्याची मराठी आहे. तिची लाज वाटली, की माणूस आधी गप्प बसतो आणि मग मुलांशी परकी भाषा बोलू लागतो. माडावास्कात हे काम करायला कायदा आणि शिक्षा लागली. आपण ते फुकटात करत आहो.

म्हणून माझे मागणे साधे आहे. पुढचे संमेलन भरेल तेव्हा भरो. तोवर घरातला हिशेब, रुसवे, कौतुक आणि भांडण मराठीत होऊ द्या. नातू धेडगुजरी मराठीत काही विचारू लागला, तर आधी त्याला उत्तर द्या. व्याकरण मागाहून सुधारता येईल.