मांजराने खाणे सोडले तर आधी तोंड बघा

पेंचच्या कालव्याखालचा आपला पारशिवनी तालुका धानाचा. धान आले की उंदीर येतात, म्हणून वस्तीत घरोघरी मांजर असते. ते म्हातारे होऊन खाईनासे झाले की ‘आता त्याचे दिवस भरले’ म्हणून आपण सोडून देतो. आम्हाला हे पटत नाही. पुष्कळदा त्याला भूक असते. ताटलीपाशी येते, हुंगते, एक घास घेते आणि मान झटकून मागे सरते. दुखणे तोंडात असते.

मोठ्या मांजराला 30 दात असतात. त्यांवर साचलेला मऊ थर लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांतच घट्ट होतो, पिवळे-तपकिरी कीटण बनते. हिरडीच्या कडेला लाल रेघ दिसते. इथवर रोग परतवता येतो. पुढे हिरडी दातापासून सुटते, आतले हाड झिजते आणि ते पुन्हा भरून येत नाही. तोंडाला सडका वास, लाळ गळणे, एकाच बाजूने चावणे, अंग चाटणे सोडल्याने केस राठ होणे, या त्याच्या खुणा.

मांजराचे दात पुसायचे म्हटले की हसू येईल. पण पिल्लू असतानाच सवय लावली, तर बोटाला ओले मऊ फडके गुंडाळून ते जमते. दुखऱ्या तोंडात मात्र बोट घालू नका. चावलेच तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. आपली टूथपेस्ट, लवंगेचे तेल, तंबाखूचे मंजन त्याला लावू नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

दिवसभर काहीच खाल्ले नाही, तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. तो गाई-म्हशींचाच, हा समज सोडा. मांजर पिशवीत घालून न्यायला लाज कसली? कीटण काढणे, दात उपटणे हे भूल देऊनच करावे लागते. तालुक्यात सोय नसेल तर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण त्यात एसटीचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी जाते. म्हणून महिन्यातला एक दिवस कुत्र्या-मांजरांसाठी तालुक्यातच ठेवावा, अशी लेखी मागणी वस्तीने पंचायत समितीकडे करावी, असे आमचे म्हणणे आहे.

दात काढले म्हणून मांजर उपाशी राहत नाही. काटे काढलेली मऊ मासळी भाताबरोबर कालवून दिली की ते खाते.