क्षमा आणि हक्क

परभणी–गंगाखेड मार्गावरील पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या देवस्थानामुळे परिचित आहे. याच मार्गाने भाविकांप्रमाणे व्यापारीही ये-जा करतात. अशा प्रवासात घरचा कर्ता परक्याच्या निष्काळजीपणाने दगावला, तर काही कुटुंबांत सूर निघतो, ‘आपण क्षमा केली, मृत्यूचा पैसा घरात नको.’ भावना उदात्त आहे. परंतु क्षमा वैर सोडण्यास सांगते, विधवेचा व मुलांचा हक्क सोडण्यास नव्हे.

निष्काळजी चालकावरील फौजदारी खटला शासन चालवते. भरपाईचा अर्ज मात्र वारसांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे स्वतंत्रपणे करावयाचा असतो. त्यासाठी फौजदारी निकालाची वाट पाहावी लागत नाही. पोखर्णीजवळील अपघाताचा दावा परभणीत, अथवा वारस राहतात त्या जिल्ह्यातही दाखल करता येतो. कायद्यातील दुरुस्तीने त्यासाठी 6 महिन्यांची मुदत घातली आहे; म्हणून विलंब नको. वाहन पसार होऊन सापडलेच नाही, तर शासकीय योजनेतून 2 लाख रुपये मिळतात. पोखर्णीस रेल्वेस्थानकही आहे. गाडीतून पडून प्रवाशाचा मृत्यू झाल्यास रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षात अर्ज करावा; तेथे भरपाई 8 लाख रुपये आहे.

रस्ता अपघातातील भरपाई मृताच्या उत्पन्नावर ठरते, आणि व्यापारी कुटुंबाची खरी कसोटी येथेच लागते. समजा, 38 वर्षांच्या दुकानदाराचे आयकर विवरणपत्रातील वार्षिक उत्पन्न 3 लाख आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या प्रणय सेठी निवाड्यानुसार त्यात भावी वाढीचे 40 टक्के मिळवले, की 4 लाख 20 हजार होतात. पत्नी, दोन मुले व आई असे चार अवलंबित असल्यास मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा होऊन 3 लाख 15 हजार उरतात. या वयाचा गुणक 15. म्हणजे 47 लाख 25 हजार. विवरणपत्रात उत्पन्न 2 लाखच दाखवले असेल, तर हाच आकडा 31 लाख 50 हजारांवर येतो. थोडा कर वाचवण्यासाठी लपवलेले उत्पन्न पुढे मुलांच्याच वाट्यातून वजा होते.

म्हणून विवरणपत्रे, वस्तू व सेवा कराचे दाखले आणि बँकेचे खातेउतारे कोठे ठेवले आहेत, हे घरातील स्त्रियांनाही ठाऊक असावे. सचोटीने लिहिलेली वही ही कर्त्याने कुटुंबासाठी मागे ठेवलेली सर्वांत विश्वासार्ह साक्ष होय.