कार्ड आहे, खाट कुठे?

गुढियारीत कुणी आजारी पडलं की आधी आयुष्मान कार्ड शोधतात, मग मेकाहारा, म्हणजे डॉ. आंबेडकर रुग्णालय, गाठतात. १९४६ साली भोर समितीने दूरच्या पल्ल्यासाठी दर हजारी ५.६७ खाटा सुचवल्या. २०१७ च्या आरोग्य धोरणाने लक्ष्य २ वर आणलं. २०१९ च्या राष्ट्रीय आरोग्य अहवालात सरकारी खाटा सुमारे ७.१४ लाख, दर हजारी जेमतेम अर्धी! २०१८ पासून भर ५ लाखांच्या विम्यावर आहे. म्हणजे पैसा सरकारचा, खाट बहुधा खासगी.

सरकारी खाट वाढली की परिचारिका, तंत्रज्ञ, डॉक्टरांची आरक्षित पदंही वाढतात. खासगी खाटेला आरक्षण नाही. आपल्या घरातला पेशंट आणि आपली पदवी, दोन्ही तिथे अडतात. म्हणून राज्याच्या अर्थसंकल्पात मी विम्याच्या आधी मंजूर खाटा आणि भरलेली पदं शोधते.