पाहुण्यांचा सोफा आणि मुलीचं टेबल

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात आलो. मुंब्र्यात वन बीएचके, कार्पेट ३४० चौरस फूट. सोळा वर्षांची बचत, माझ्या पीएफमधून काढलेले पैसे, मिस्टरांच्या नावावरचं कर्ज, सगळं त्यात गेलं. चावी हातात आली त्या संध्याकाळी लेकीनं मोबाइल माझ्यापुढं धरला. "अम्मी, आपण घर बोहो करूया."

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, घरात काय चालतं ते मुलांकडूनच शिकते. बोहो म्हणजे बोहेमियन. चित्रात जमिनीवर गादी होती, तिच्यावर वेगवेगळ्या रंगांच्या उशा, पायाशी ठिगळांची गोधडी. भिंतीवर दोऱ्यांच्या गाठींचं मोठं लटकन. कोपऱ्यात वेताचा दिवा, चार कुंड्या आणि टीपॉय म्हणून ठेवलेली पत्र्याची जुनी पेटी. मी दोनदा पाहिलं. हे तर सोलापूरचं माझ्या नानीचं घर होतं, फक्त त्यातली माणसं काढून टाकलेली.

नानीच्या घरात दोन खोल्या आणि अकरा माणसं. बाहेरच्या खोलीत एक तख्त. त्याच्याखाली दोन पेट्या, एकीत लग्नाकार्याची भांडी, दुसरीत थंडीचे कपडे. दिवसा तख्तावर नाना आणि त्यांना भेटायला येणारे बसत, रात्री आम्ही तीन मुली आडव्या झोपत असू. गोधड्यांची चळत भिंतीला लावून तिच्यावर सोलापुरी चादर टाकली की टेकायला लोड तयार. दस्तरखान पसरला की ती जेवणाची खोली, तो झटकून घडी केला की अभ्यासाची, अंथरुणं पडली की झोपायची. भिंतीत ताक होते, म्हणजे कोनाडे. (उर्दूतला ताक वेगळा आणि मराठीतलं ताक वेगळं, हे सांगितलं की आमच्या सहावीच्या वर्गात दरवर्षी हशा पिकतो.) एका ताकात दिवा, एकात औषधं, सगळ्यात वरच्यात कुराणशरीफ. जागा वाचवणारं फर्निचर हा शब्द तिथं कुणाला ठाऊक नव्हता. जागाच नव्हती, तर वाचवायचं काय?

हे नाव तरी कुठून आलं म्हणून मी शोधलं, मास्तरणीची खोड. युरोपात फिरस्त्या रोमा लोकांना फ्रान्समधले लोक 'बोहेमियन' म्हणत, कारण ते बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातल्या एका भागातून आले असा त्यांचा समज होता. समज चुकीचा होता. रोमा लोकांची भाषा आपल्या भाषांच्या कुळातली. त्यांच्या बोलीत नाकाला 'नाख' म्हणतात आणि कानाला 'कान'. म्हणजे हिंदुस्तानातून गेलेल्या माणसांना दुसऱ्याच मुलुखाचं नाव चिकटलं आणि ते तसंच राहिलं. पुढं पॅरिसमधले फाटके चित्रकार, लेखक, गवई यांनाही तेच नाव पडलं. आंरी म्युर्झे या लेखकानं त्यांच्या भाड्याच्या खोल्यांवर लिहिलं, त्याचं पुस्तक १८५१ मध्ये आलं, आणि त्यावरूनच पुच्चिनीनं १८९६ मध्ये 'ला बोएम' हा ऑपेरा केला. त्या खोल्यांतले लोक थंडीनं कुडकुडत होते. जुनी खुर्ची, उसना गालिचा, शेजारच्याचा दिवा असं जे मिळेल ते एकत्र करून राहत होते. या गोळाबेरजेला आज 'लूक' म्हणतात, आणि ती एकसाथ विकत मिळते.

त्या दुकानातले निम्मे शब्द मात्र आमच्या ओळखीचे निघाले. पायाखाली घ्यायचं गुबगुबीत स्टूल म्हणजे 'ऑटोमन', हे आपल्या उस्मानी सल्तनतीचं नाव. 'दिवाण' फारसी. भिंतीवरचं दोऱ्यांचं 'मॅक्रमे' हा शब्द अरबीतून तुर्कीमार्गे गेलेला. आणि सोफा? सोफा म्हणजे 'सुफ्फा'. मस्जिद-ए-नबवीत ज्या छपराच्या ओट्यावर घरदार नसलेले सहाबा राहायचे आणि तिथंच बसून शिकायचे, त्या ओट्याला सुफ्फा म्हणत. तोच शब्द फिरत फिरत दिवाणखान्यात आला.

आता माझी चूक सांगते. लेक बोहो म्हणत होती आणि मी म्हटलं, जमिनीवर बसून खूप झालं. स्वतःच्या घरात सोफा पाहिजेच. माझ्या नणंदा येतील, शाळेतल्या मॅडम येतील, त्यांना काय चटईवर बसवू? दुकानदारानं सोफा-कम-बेड दाखवला. दिवसा सोफा, रात्री पलंग, खाली सामान. किंमत २३ हजार, हप्त्यानं. मला वाटलं, एका दगडात तीन पक्षी.

आमचा हॉल दहा बाय अकराचा. सोफा सहा बाय तीन, म्हणजे १८ चौरस फूट गेले. समोर पाय ठेवायला दीड फूट सोडा, आणखी नऊ गेले. पुढं टीपॉय. पलंग उघडायचा तर टीपॉय उचलावा लागे, तो ठेवायला जागा फक्त स्वयंपाकघराच्या दारात, आणि तिथं ठेवला की रात्री बाथरूमला जाणारा ठेचकाळलाच. मधल्या सांध्याची पट्टी पाठीला टोचते म्हणून धाकटा तीन दिवसांत खाली गादीवर झोपायला लागला. चौथ्या महिन्यात खटका अडकला. त्यानंतर तो पलंग कधी उघडलाच नाही. एका रविवारी मी घराच्या किमतीला ३४० नं भागलं आणि १८ नं गुणलं. सोफ्याच्या बुडाखालची जमीन सोफ्याच्या किमतीच्या सहापट निघाली. इतक्या महागाच्या जागेवर वर्षातून दहा-बारा वेळा येणारे पाहुणे बसणार होते.

आणि लेक? ती नववीत होती. बेडरूममध्ये पलंगाच्या कडेला, मांडीवर उशी, उशीवर भूमितीची वही. कंपासनं वर्तुळ काढताना उशी हलायची. सोफ्यावर बसून लिहिता येत नाही, खाली बसावं तर सोफा आणि टीपॉयच्या मध्ये दीड फुटाची गल्ली. मी रोज सातवी-आठवीच्या मुलांना अक्षर नीट काढा म्हणून रागावते. माझ्या घरात माझ्या मुलीला वही टेकायला जागा नव्हती, हे माझ्या लक्षात यायला सहा महिने लागले. तेही तिनं नाही सांगितलं. तिच्या बाईंनी वही दाखवली तेव्हा कळलं.

इथं कुणी म्हणेल, मग लेकीचं ऐकायचं होतं, बोहो करायचं होतं. थांबा. एक गोष्ट विसरता येत नाही. काही वर्षांपूर्वी शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी आम्ही शिक्षक गल्लोगल्ली फिरत होतो. एका खोलीत गेले. दहा बाय दहा, सात माणसं, चटई अंथरलेली, लख्ख स्वच्छ. मी चप्पल काढून चटईवर बसायला वाकले तर त्या घरातली बाई घाबरीघुबरी झाली. "नक्को मॅडम, नीचे नक्को," म्हणत धावत गेली आणि शेजारून प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आली. मी खुर्चीवर आणि ती माझ्यासमोर उभी. पूर्ण फॉर्म भरेपर्यंत उभी. चटईवर बसणं तिच्यासाठी स्टाइल नव्हती. ज्याच्या घरी सोफा ठेवायला जागा आहे आणि तरी तो खाली बसतो, त्याचं बसणं वेगळं. ज्यांनी आयुष्यभर दुसरा पर्याय नाही म्हणून जमिनीवर काढलं, त्यांनी पहिल्या पगारात सोफा घेतला तर त्यांना हसायचा हक्क कुणालाही नाही. मी सोफा घेतला तेव्हा माझ्या डोक्यात तीच उसनी खुर्ची होती.

पण त्या हट्टाचं भाडं कोण भरतं, ते मात्र विचारायला हवं. आपल्या वस्तीतल्या बहुतेक घरांत ते मुलं भरतात, आणि मुलांतही आधी मुली. मुलगा पुस्तक घेऊन मशिदीच्या कट्ट्यावर जाईल, दोस्ताच्या घरी जाईल, रात्री गॅलरीत दिव्याखाली बसेल. मुलगी कुठं जाणार? झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर मुंबईत आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ चं झालं, आता ३०० चं. त्यातही दारातून आत गेलं की पहिला दिसतो सोफा, समोर काचेचं शोकेस, शोकेसमध्ये कधीच न वापरलेला डिनर सेट. पाहुण्यांसाठी एवढं, आणि दहावीच्या मुलीसाठी गॅसच्या ओट्याचा कोपरा, तोही भांडी आवरल्यावर.

आम्ही सोफा विकला. नऊ हजार आले. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

मग सुतार बोलावला. त्यानं आधी भिंतीत उभा होणारा पलंग सुचवला. ही युक्ती अमेरिकेत विल्यम मर्फी नावाच्या गृहस्थानं एका खोलीच्या घरासाठी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी काढली, म्हणून त्याला मर्फी बेड म्हणतात. पण पलंग पाडायला तेवढीच जमीन मोकळी लागते, जेवढी खाली गादी घालायला लागते. गादीला ना बिजागरी, ना गॅसचा पंप. नको म्हटलं. त्याऐवजी खिडकीखाली भिंतीला दुमडणारं टेबल करून घेतलं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, १९ मिलिमीटरचा प्लाय, दोन दुमडणारे ब्रॅकेट, जमिनीपासून २९ इंच. आमची भिंत सिपोरेक्सची, तिच्यात साधा स्क्रू थोड्या दिवसांत ढिला होतो, म्हणून त्यासाठी मिळणारे खास लांब फास्टनर लावले. हे मुद्दाम लिहिते, कारण पोरगी टेबलावर कोपर टेकून लिहिणार आणि स्क्रू निसटला तर तिच्या पायावर पडणार. भाड्याच्या घरात मालक भिंतीला हात लावू देत नसेल तर दुमडत्या पायांचं टेबल घ्या, वापरून झालं की दाराच्या मागं उभं राहतं. सोबत दोन दुमडत्या खुर्च्या. एक लेकीची, दुसरी पाहुण्यांची.

हॉलमध्ये सोफ्याच्या जागी अडीच बाय सहाचं तख्त आलं, खाली चार खण. त्याच्यापुढं टीपॉय नाही, त्यामुळे जमीन मोकळी राहते आणि दस्तरखान पुन्हा पसरता येतो. लेकीला बोहोच्या नावानं हवं ते मी इथं करू दिलं. तख्तावर सोलापुरी चादर, आईच्या जुन्या साड्यांची गोधडी, उशांना उरलेल्या ओढण्यांचे अभ्रे. एकालाही दुसऱ्याशी मेळ नाही. यातलं काहीच विकत आणलं नाही. विकत आणलेल्यांपैकी तागाचा गालिचा जुलैत बुरशीला गेला, दोऱ्यांच्या लटकनाला पावसाळ्यात असा वास सुटला की मिस्टरांनी ते गुपचूप काढून ठेवलं. चित्रं काढणाऱ्यांच्या देशात मुंब्र्याचा पाऊस पडत नसावा. इथं सुती सतरंजीच बरी, धुतली की पंख्याखाली दोन दिवसांत सुकते. कुंड्या दोनच ठेवल्या, पुदिना आणि कोरफड. तिसरीच्या ताटलीत डास झाले.

हिवाळ्यात अम्मा सोलापूरहून आल्या. आल्या आल्या तख्तावर हात फिरवला, खालचे खण उघडून पाहिले आणि म्हणाल्या, "हमारा तख्त भंगार में दे दिया था ना तेरे मामू ने. इत्ते पैसे देके तू फिर लाई?" मी किंमत सांगितली नाही. गुडघ्यांमुळे त्यांना आता खाली बसवत नाही, तख्तही त्यांना जरा बुटकं पडतं. म्हणून पाहुण्यांची खुर्ची त्यांनी घेतली आणि खिडकीपाशी, टेबलाच्या शेजारी ओढली. लेक समीकरणं सोडवत होती. अम्मांना वाचता येत नाही. तरी तासभर वहीकडे बघत बसल्या.

पुढच्या आठवड्यात नणंदा येणार आहेत, पाचजणी. खुर्च्या दोनच. लेकीचा पेपर दुसऱ्या दिवशी आहे, म्हणून टेबल दुमडायचं नाही असं मी घरात सांगून ठेवलंय. मिस्टर म्हणतात, चार तासांचा तर प्रश्न आहे, आणि शेजारून तीन खुर्च्या मागायला ते आताच तयार आहेत.